औषधे घेऊन निघालेले विमान

जुलै १९४७ म्हटले की आमच्या पेण-रोह्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी एकच नाव येई, 'रामदास'. १७ जुलैच्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही आगबोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे समुद्राने गिळली. आषाढी अमावास्या आली होती, रमजानचा चाँद दोन-तीन दिवसांवर होता. सणासाठी गावी निघालेली माणसे किनाऱ्याला लागलीच नाहीत. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड, त्या दुःखात बुडून गेला होता.

त्यानंतर बरोबर बारा दिवसांनी, २९ जुलै १९४७ रोजी, जावा बेटावरच्या योग्याकार्ता शहराजवळ एक विमान पाडण्यात आले. तेही कोणाला तरी हवे असलेले काही घेऊन निघाले होते आणि तेही पोचले नाही. त्याच्या अंगावर 'व्हीटी-सीएलए' ही अक्षरे होती. 'व्हीटी' ही हिंदुस्थानात नोंदलेल्या विमानाची खूण. विमान एका हिंदी माणसाच्या मालकीचे होते, त्याचा मेकॅनिक हिंदी होता आणि पोटात होती सुमारे दोन टन औषधे. हिंदुस्थान स्वतः स्वतंत्र व्हायला तेव्हा सतरा दिवस बाकी होते.

ही हकिकत आमच्या पिढीला शाळेत कोणी सांगितली नाही. आम्ही स्वतः शिक्षकी पेशात आल्यावर ती वाचली आणि वाटले, मराठी बोलणाऱ्या मुसलमानांनी तरी ती जाणून घ्यायला हवी. त्याचे कारण लेखाच्या ओघात येईलच. आधी अशा विमानांची रीत समजून घेऊ.

चांदण्या रात्रींची विमाने

१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड हे देश हिटलरच्या टाचेखाली गेले. त्याच वर्षी ब्रिटनने एक गुप्त खाते उघडले. व्याप्त देशांतल्या भूमिगतांना माणसे, शस्त्रे, पैसा आणि बिनतारी संदेशयंत्रे पोचवायची, हे त्याचे काम. समुद्रकिनाऱ्यांवर जर्मन पहारा होता, म्हणून वाट उरली आकाशाची. इंग्लंडमधील टेम्प्सफर्ड येथल्या विमानतळावरून १३८ आणि १६१ क्रमांकाच्या तुकड्या हे काम करीत.

आपण चाँद पाहून रोजे आणि ईद ठरवतो. ते वैमानिक चाँद पाहून उड्डाण ठरवीत. महिन्यातल्या उजेडाच्या रात्रीच त्यांच्या कामाच्या होत्या, कारण नद्या, रस्ते, रेल्वेचे रूळ चांदण्यात चमकतात आणि त्यांच्याच आधाराने वाट काढावी लागे. 'लायसँडर' नावाचे एका इंजिनाचे छोटे विमान शत्रूच्या मुलुखात एखाद्या शेतात उतरे. खाली भूमिगतांनी तीन विजेऱ्या लावून जागा दाखवलेली असे. माणसे उतरवायची, दुसरी चढवायची आणि काही मिनिटांत पुन्हा हवेत. मोठी विमाने उतरत नसत. ती अगदी खाली येऊन छत्रीच्या साह्याने माणसे आणि पेट्या टाकीत.

जून १९४३ मध्ये अशाच एका लायसँडरमधून एक मुलगी फ्रान्सच्या शेतात उतरली. तिचे नाव नूर इनायत खान. तिचे वडील सूफी गायक हजरत इनायत खान बडोद्याचे. त्यांचे आजोबा उस्ताद मौलाबक्ष गायकवाडांच्या दरबारातले नामांकित गवई, आणि घराण्याची परंपरा नाते टिपू सुलतानापर्यंत नेऊन भिडवते. नूरने पॅरिसमध्ये बिनतारी यंत्र चालवले, ऑक्टोबर १९४३ मध्ये ती पकडली गेली आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घालण्यात आली. तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिला आणि तिच्यासारख्यांना पोचवणाऱ्या विमानांविषयी त्या मानाने कमी.

ही विमाने एकेकटी जात. सोबतीला लढाऊ विमानांचा ताफा नसे, कारण ताफा दिसतो. ती खालून उडत, त्यामुळे तोफांच्या माऱ्यात सापडत. धुके आले, चंद्र ढगाआड गेला, की डोंगरावर आदळत. घरच्यांना तार जाई ती फक्त 'बेपत्ता' अशी. कुठे गेला होता, कशासाठी गेला होता, हे सांगण्याची मुभा नव्हती. १९४४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात वॉर्सा शहरातल्या पोलिश लोकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला, तेव्हा दक्षिण इटलीतून उडून त्यांना शस्त्रे टाकण्याच्या प्रयत्नात तीसहून अधिक विमाने पडली. त्याच दिवसांत आमच्या महाराष्ट्रात, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला, सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित छावणीत राहत होते. बहुतेक बायका-मुले. रशिया आणि इराणमार्गे ते इथवर आले होते. त्यांचे मुलुखातले शहर जळत होते आणि आकाशातून येणारी मदत अर्ध्या वाटेत खाली कोसळत होती.

आता हॉलंडची गोष्ट. ती पुढच्या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे.

मार्च १९४२ मध्ये जर्मनांनी हेगमध्ये ह्युब लाउवर्स नावाच्या डच बिनतारी-चालकाला पकडले आणि त्याच्याच यंत्रावरून लंडनला खोटे संदेश पाठवायला लावले. लाउवर्सने ठरलेली गुप्त खूण मुद्दाम गाळली. मी पकडला गेलो आहे, हे सांगण्याचा तोच मार्ग होता. लंडनने तिकडे दुर्लक्ष केले. त्यानंतर सुमारे दोन वर्षे ब्रिटिश विमाने शस्त्रे आणि माणसे नेऊन नेमकी जर्मनांच्या हातात टाकीत राहिली. पन्नासच्या आसपास माणसे पकडली गेली, त्यांतली बहुतेक छळछावणीत मारली गेली. येण्या-जाण्याची वाट शत्रूला आधीच ठाऊक असल्यामुळे सुमारे डझनभर विमानेही गेली. त्यांतले तरुण वैमानिक हॉलंडच्या मातीत आणि समुद्रात गेले ते एका परक्या देशाच्या आझादीसाठी.

युद्धाच्या अखेरच्या थंडीत हॉलंडमध्ये दुष्काळ पडला. माणसे ट्यूलिपचे कंद उकडून खात होती. सुमारे वीस हजार माणसे उपासमारीने गेली. २९ एप्रिल १९४५ पासून दहा दिवस ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी तिथे आकाशातून अन्न टाकले. डच लोक छपरांवर चढून चादरी हलवीत होते. आकाशातून येणाऱ्या मदतीचे मोल हॉलंडइतके फार थोड्या देशांना कळले असेल.

दोन मापे

पण आझादीचे माप युरोपात एक आणि आशियात दुसरे होते.

ज्या महिन्यांत ब्रिटिश विमाने फ्रान्समध्ये बंदुका टाकीत होती, त्याच महिन्यांत ब्रिटिश पोलिस आमच्याच जिल्ह्यातल्या भूमिगतांच्या मागावर होते. माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचा आझाद दस्ता विजेचे मनोरे पाडीत होते. नेमके हेच काम फ्रान्समध्ये केले तर पदक मिळे. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात कोतवाल आणि हिराजी पाटील यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्यासाठी कुठल्या शेतात विजेऱ्या लागल्या नव्हत्या.

इंडोनेशियाचे तेच झाले. जपानने शरणागती पत्करली आणि १७ ऑगस्ट १९४५ रोजी, रमजानातल्या जुम्म्याच्या दिवशी, सुकार्नो आणि हत्ता यांनी जाकार्तात स्वातंत्र्याची घोषणा केली. हॉलंडला आपली वसाहत परत हवी होती. त्याच्याकडे तेव्हा पुरेसे सैन्य नव्हते, म्हणून आधी आले ब्रिटिश, आणि ब्रिटिशांचे सैन्य म्हणजे बहुतांशी हिंदी सैन्य.

इथे आम्हा मराठी माणसांनी मान खाली घालावी असे काही आहे, आणि मान वर करावी असेही काही आहे. दोन्ही सांगितले पाहिजे.

सुराबाया शहरात उतरलेल्या ४९ व्या हिंदी ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. कोकण, सातारा, कोल्हापूरकडची पोरे. ३० ऑक्टोबर १९४५ रोजी ब्रिगेडियर मॅलबी तिथल्या ज्या चौकात मारला गेला, त्या चौकातली इमारत मराठा जवानांच्याच ताब्यात होती. १० नोव्हेंबरला ब्रिटिशांनी शहरावर जमीन, समुद्र आणि आकाश तिन्हींकडून हल्ला चढवला. इंडोनेशिया आजही १० नोव्हेंबर हा हुतात्म्यांचा दिवस पाळतो. गुलामांकडून दुसऱ्यांना गुलाम करवून घेणे ही साम्राज्याची जुनी रीत. अजान ऐकू येणाऱ्या गल्लीत बंदूक रोखण्याचा हुकूम मुसलमान शिपायालाही होताच. सुमारे सहाशे हिंदी सैनिक, त्यांतले बहुसंख्य मुसलमान, पलटणी सोडून इंडोनेशियन बाजूला गेल्याचे सांगतात.

आता दुसरी बाजू. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार' या नाविक तळावर खलाशांनी बंड केले. कोकणातली मुसलमान घरे पिढ्यान्‌पिढ्या आरमारात माणसे देत आली. रत्नागिरी जिल्हा तर नौदलाच्या भरतीचे जुने ठाणे. संपाच्या मध्यवर्ती समितीचे अध्यक्ष होते एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग. त्यांच्या मागण्यांत निकृष्ट जेवण, तुटपुंजा पगार, आझाद हिंद फौजेच्या कैद्यांची सुटका हे सारे होते आणि त्यांच्या जोडीला आणखी एक मागणी होती : इंडोनेशियातून हिंदी सैन्य परत बोलवा. डाळीत खडे निघतात म्हणून उठलेला खलाशी त्याच कागदावर जावातल्या माणसाचे गाऱ्हाणे लिहितो, ही आमच्या मते त्या बंडातली फार मोठी गोष्ट होय. मुंबईच्या रस्त्यांवर त्या आठवड्यात दोनशेहून अधिक माणसे गोळीबारात पडली.

त्याच्या आधी, १९४५ च्या अखेरीस, ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत इंडोनेशियाला शस्त्रे नेणाऱ्या डच जहाजांवर गोदी कामगारांनी बहिष्कार टाकला होता. डचांनी हिंदी खलाशी भरून जहाजे हलवण्याचा घाट घातला, तेव्हा हिंदी खलाशांनीही काम सोडले. योरिस इव्हेन्स या डच दिग्दर्शकानेच त्यावर १९४६ मध्ये अनुबोधपट काढला आहे.

तांदूळ आणि नाकेबंदी

१९४६ मध्ये हिंदुस्थानात धान्याची तीव्र टंचाई होती. कोकणात तांदूळ म्हणजे जीव. भाताचे कोठार म्हणवणाऱ्या कुलाबा जिल्ह्यातही माणसे रेशनच्या रांगेत उभी होती. अशा वेळी इंडोनेशियाचे पंतप्रधान सुतान शहरीर यांनी हिंदुस्थानला पाच लाख टन तांदूळ देऊ केला. बदल्यात मागितले कापड, शेतीची अवजारे असे सामान. डचांनी त्याची टिंगल केली, पण करार झाला आणि ऑगस्ट १९४६ पासून तांदळाची जहाजे निघू लागली. जगातल्या फार थोड्यांनी ज्याला देश मानले होते, त्या देशाने भुकेल्या देशाला धान्य देऊन आपली ओळख करून दिली.

डचांनी समुद्राची नाकेबंदी आवळली. औषधे येईनात, सुटे भाग येईनात. मग उरली पुन्हा तीच वाट, आकाशाची. सिंगापूर, मनिला, कलकत्ता, रंगून येथून धाडसी वैमानिक जुनी विमाने घेऊन डचांच्या नजरा चुकवीत सुमात्रा आणि जावात उतरू लागले. महायुद्धाने जगभर दोन गोष्टी मुबलक मागे ठेवल्या होत्या. एक म्हणजे डकोटा विमाने, आणि दुसरी म्हणजे ती चालवणारी बेकार माणसे.

या वैमानिकांत एक होते ओरिसाचे बिजू पटनायक. जन्म १९१६ चा. महायुद्धात ब्रिटिशांसाठी विमान चालवताना ते भूमिगत काँग्रेस नेत्यांनाही गुपचूप इकडून तिकडे नेत, आणि त्यापायी त्यांनी तुरुंगवासही भोगला. पुढे त्यांनी कलिंग एअरलाइन्स काढली. २१ जुलै १९४७ रोजी डचांनी इंडोनेशियन प्रजासत्ताकावर मोठी लष्करी चढाई केली. दुसऱ्याच दिवशी, नेहरूंच्या सांगण्यावरून गेलेले बिजूबाबू आपल्या डकोटातून शहरीर यांना योग्याकार्ताहून घेऊन निघाले. सोबत त्यांच्या पत्नी ज्ञानवतीही होत्या. सिंगापूरमार्गे शहरीर दिल्लीला पोचले, तिथून पुढे न्यूयॉर्कला गेले आणि १४ ऑगस्ट १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे त्यांनी आपल्या देशाची बाजू मांडली. इकडे त्याच रात्री दिल्लीत सत्तांतर होत होते. उपाध्यक्ष हत्ता यांनाही त्या वर्षी बिजूबाबूंनी सह-वैमानिकाच्या वेषात, 'अब्दुल्ला' या नावाने, नेहरूंच्या भेटीला आणले होते.

अशी उड्डाणे सुखरूप पार पडली म्हणून ती सांगितली जातात. पडले ते विमान बिजूबाबूंच्याच मालकीचे होते, चालवणारे दुसरे होते.

२९ जुलै

इंडोनेशियन हवाई दल म्हणजे तेव्हा जपान्यांनी टाकून दिलेली काही विमाने आणि ती दुरुस्त करून उडवणारी पोरे. या पोरांना उडायला शिकवणारा माणूस म्हणजे आगुस्तिनुस आदिसुचिप्तो. वय ३१. १९४५ मध्ये त्यांनी योग्याकार्ताजवळच्या मागुवो विमानतळावर उड्डाणशाळा काढली. त्यांचे साथी अब्दुलरहमान सालेह पेशाने डॉक्टर, शरीरशास्त्राचे अध्यापक आणि बिनतारी विद्येतले जाणकार. इंडोनेशियाच्या आकाशवाणीच्या संस्थापकांतले ते एक. २१ जुलैच्या चढाईत डचांनी ही विमाने जमिनीवरच उद्ध्वस्त केली. लपवलेली थोडीच वाचली.

२९ जुलैच्या पहाटे, अंधार असतानाच, त्या वाचलेल्यांपैकी तीन विमाने शिकाऊ वैमानिकांनी उडवली. समारांग, सालातिगा आणि अंबारावा येथल्या डच ठाण्यांवर बाँब टाकून ती उजाडण्याच्या सुमारास परत आली. नुकसान फार झाले नसेल, पण डचांना तो तडाखा होता.

त्याच दिवशी दुपारी सिंगापूरहून व्हीटी-सीएलए निघाले. मलायाच्या रेडक्रॉसने इंडोनेशियन रेडक्रॉसला दिलेली औषधे त्यात होती. नाकेबंदी चुकवणारी विमाने एरवी चोरवाटेने जात. या विमानाने तसे केले नाही. ते दिवसाढवळ्या निघाले, औषधे नेत असल्याचे जाहीर करून निघाले. संध्याकाळी साडेचारच्या सुमारास, मागुवोवर उतरण्यासाठी ते खाली येत असताना दोन डच किटीहॉक लढाऊ विमाने त्याच्यावर तुटून पडली. जपानशी लढण्यासाठी अमेरिकेत बनलेले हे विमान. गोळ्यांनी घायाळ झालेले डकोटा झाडाला धडकले आणि शहराच्या दक्षिणेला, बांतुल भागातल्या नगोतो गावच्या भातखाचरात कोसळले.

रमजानचे पहिले दहा दिवस होत आले होते. औषधांच्या पेट्या चिखलात विखुरल्या तेव्हा मगरिबला फार वेळ नव्हता.

विमानात नऊ जण होते. त्यांतले आठ गेले, अब्दुल गनी हे एकटे वाचले. गेलेल्यांची नावे येथे पूर्ण देतो, कारण या लेखाचे खरे प्रयोजन या नावांत आहे.

वैमानिक अलेक्झांडर नोएल कॉन्स्टंटाइन, ऑस्ट्रेलियन, महायुद्धात बर्मा आघाडीवर लढाऊ विमान चालवलेले. त्यांची पत्नी बेरिल. सह-वैमानिक रॉय हेझलहर्स्ट, ब्रिटिश. मेकॅनिक भिडा राम, हिंदी. आगुस्तिनुस आदिसुचिप्तो, अब्दुलरहमान सालेह आणि बिनतारी-चालक आदिसुमार्मो विर्योकुसुमो, हे तिघे इंडोनेशियन हवाई दलाचे. आणि झैनल आरिफीन, मलायातले इंडोनेशियाचे व्यापारी प्रतिनिधी.

डचांनी हात झटकले. आम्ही या विमानाला सुरक्षिततेची हमी दिली नव्हती, त्यावर रेडक्रॉसची खूण नव्हती, असे त्यांचे म्हणणे. इंडोनेशियाचे म्हणणे, उड्डाणाची सूचना आधीच दिली होती आणि हा पहाटेच्या हल्ल्याचा सूड होता. आम्हाला यात एकच गोष्ट दिसते. अवघ्या दोन वर्षांपूर्वी ज्या देशाची माणसे छपरांवर उभी राहून आकाशातून येणाऱ्या भाकरीकडे डोळे लावून बसली होती, त्या देशाच्या वैमानिकांनी दुसऱ्यांची औषधे आकाशातच अडवली. स्वतःवर गुजरलेला जुलूम माणसाला आपोआप न्यायी बनवत नाही. हा धडा एका हॉलंडपुरता नाही. तो सर्व कौमांना, सर्व देशांना लागू आहे, आपणही त्यातून सुटलेलो नाही.

३० जुलैला हिंदुस्थान आणि ऑस्ट्रेलिया यांनी इंडोनेशियाचा प्रश्न सुरक्षा समितीपुढे नेला आणि १ ऑगस्टला समितीने लढाई थांबवण्याचा ठराव केला.

बायकांच्या दागिन्यांची विमाने

व्हीटी-सीएलए पडले म्हणून उड्डाणे थांबली नाहीत. पण आता इंडोनेशियाला स्वतःची विमाने हवी होती आणि तिजोरीत पैसा नव्हता. तेव्हा पश्चिम सुमात्रातल्या बुकिटिंग्गीच्या बायकांनी अंगावरचे सोने उतरवून दिले. त्यातून एक जुने 'अ‍ॅव्हरो अ‍ॅन्सन' विमान घेतले गेले. १४ डिसेंबर १९४७ रोजी हलीम पर्दानाकुसुमा आणि इस्वाह्युदी हे दोघे ते घेऊन परतत असताना मलायाच्या किनाऱ्यावर, पेराकमधल्या तांजुंग हांतू येथे, ते कोसळले. हलीम यांचा देह मिळाला, इस्वाह्युदी यांचा मिळालाच नाही.

बॉब फ्रीबर्ग या अमेरिकन वैमानिकाचे डकोटाही असेच नाकेबंदी भेदीत होते. १ ऑक्टोबर १९४८ रोजी ते दक्षिण सुमात्रात नाहीसे झाले. त्याचे अवशेष डोंगरात सापडले ते १९७८ मध्ये, तीस वर्षांनी.

१९४८ च्या जूनमध्ये सुकार्नो आचेला गेले. तिथल्या व्यापाऱ्यांनी आणि सामान्य माणसांनी सोने गोळा करून दिले आणि त्यातून 'सेउलावाह' नावाचे डकोटा आले. 'सोन्याचा डोंगर' असा त्या नावाचा अर्थ सांगतात. डिसेंबरात ते डागडुजीसाठी कलकत्त्याला आले. १९ डिसेंबर १९४८ रोजी डचांनी योग्याकार्ता घेतले, सुकार्नो आणि हत्ता कैद झाले, आणि या विमानाला परतायला देश उरला नाही. कलकत्त्यात दुरुस्त झालेले ते विमान मग बर्मात भाड्याने उडू लागले आणि मिळकत लढ्याला पुरवू लागले. इंडोनेशियाच्या नागरी हवाई वाहतुकीची सुरुवात ती हीच. हिंदुस्थान आणि पाकिस्तान एकमेकांशी काश्मीरवरून झगडत होते, पण डच विमानांना आपल्या आकाशाची बंदी मात्र दोघांनीही केली. जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी दिल्लीत इंडोनेशियासाठी आशियाई देशांची परिषद बोलावली. २७ डिसेंबर १९४९ रोजी डचांनी सत्ता सोडली. एका महिन्याने, २६ जानेवारी १९५० रोजी, भारताच्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाचे पाहुणे होते सुकार्नो.

धावपट्ट्यांवरची नावे

ज्या मागुवो विमानतळावर व्हीटी-सीएलए उतरणार होते, त्याचे नाव आज आदिसुचिप्तो विमानतळ. मलांगच्या विमानतळाला अब्दुलरहमान सालेह यांचे नाव आहे, सोलोच्या विमानतळाला आदिसुमार्मो यांचे. जाकार्तातला हलीम विमानतळ आणि मादियूनचा इस्वाह्युदी हवाई तळ ही त्याच मालिकेतली नावे. २९ जुलै हा दिवस इंडोनेशियन हवाई दल दरवर्षी पाळते. नगोतोच्या त्या शेतात स्मारक उभे आहे, आणि आदिसुचिप्तो व सालेह यांचे अवशेष २००० साली तिथे आणून दफन करण्यात आले. बिजू पटनायक यांनाही इंडोनेशियाने सन्माननीय नागरिकत्व आणि मोठा किताब दिला.

राहता राहिला भिडा राम.

तो नेता नव्हता, वैमानिकही नव्हता. त्याचे काम इंजिनाचा आवाज ऐकणे, तेलाचा काटा पाहणे, सुटा नट आवळणे. इतिहासात अशा माणसाला एका ओळीची जागा मिळते आणि तीही इतरांच्या नावांमागे. पण विमान हवेत ठेवणारा तोच असतो. 'तलवार'च्या बंडातले खलाशी, ऑस्ट्रेलियातल्या जहाजांवरून उतरलेले खलाशी आणि हा मेकॅनिक, ही एकाच जातीची माणसे. हातात पाना, अंगाला तेलाचा वास, आणि दुसऱ्या देशाच्या आझादीशी आपला काहीतरी संबंध आहे ही समज.

काही मंडळी ही कथा 'मुसलमान देशाला मुसलमानांनी केलेली मदत' अशी सांगू पाहतील. काही मंडळी ती 'आम्ही तुमच्यासाठी केले' अशा उपकाराच्या सुरात सांगतील. दोन्ही खोटे पडतात ते त्या आठ नावांपुढे. आदिसुचिप्तो कॅथलिक होते, सालेह मुसलमान, कॉन्स्टंटाइन ख्रिस्ती नावाचा ऑस्ट्रेलियन, मेकॅनिकच्या नावात राम. एका विमानात ते बसले ते कोणाचा मजहब विचारून नव्हे. आणि उपकाराचे म्हणाल, तर आपल्या रेशनच्या रांगेत जावाचा तांदूळ आधी आला होता, आपली औषधे नंतर निघाली.

आमचा अनुभव असा की वर्गातल्या मुलांना इतिहासात आपली माणसे शोधायची असतात. त्यांना दिसतात ते बादशहा आणि नवाब. त्यांच्या घरी मात्र तांडेल, खलाशी, बोटीवरचा भंडारी, गोदीतला फिटर, आखातातला वेल्डर असतो. या मुलांना कोणी सांगितले पाहिजे की इतिहास त्यांच्या घरातूनही गेला आहे. ताजमहाल शिकवताना एक तास व्हीटी-सीएलएला दिला, तर अभ्यासक्रमाचे काही बिघडणार नाही.

आणखी एक. पेण, रोहे, मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा, महाडच्या मुसलमान मोहल्ल्यांत आजही जुन्या पत्र्याच्या ट्रंका आहेत. त्यांत बोटीवरच्या नोकरीची पुस्तके असतात, परदेशी शिक्क्यांचे कागद असतात, सिंगापूर, रंगून, सिडनीहून आलेली उर्दू आणि मोडी-बाळबोध पत्रे असतात. घर दुरुस्तीला काढले की ही ट्रंक आधी भंगारात जाते. वाचकांना आमची विनंती एवढीच की ती भंगारात देण्याआधी उघडावी, नावे, तारखा आणि बोटींची नावे वहीत उतरवून काढावीत, आणि वही शाळेत किंवा गावच्या वाचनालयात ठेवावी. नेत्यांची नावे धावपट्ट्यांवर लागतात. भिडा राम यांच्यासारख्यांची नावे कोणी लिहून ठेवली तरच राहतात.